पुष्पलता मेहेरचा रविवारचा वाद

सातपाटीत पुष्पलता मेहेरशी वाद घालायला कुणी सहसा धजत नाही. सुकी मासळी विकणाऱ्या बाईने भावावरून हुज्जत घालावी, एवढंच लोकांना ठाऊक. ही बाई देवावरून घालते. नारळी पौर्णिमेला सगळा गाव दर्याला नारळ वाहत असताना हिने शेजारणीला विचारलं होतं, "दर्याला हे कळतं, का आपल्यालाच बरं वाटतं?" शेजारीण पुढे कित्येक दिवस बोलली नाही. "देव हाय का नाय ते सांगा, मानतो-बिनतो नको," हे हिचं पालुपद. शाळा सातवीत सुटली, पण डोक्यातला किडा काही गेला नाही.

गेल्या वर्षी त्या किड्याला खाद्य मिळालं. दर रविवारी ती पालघरला एका चर्चच्या फाटकाशी बोंबील नि सुकट मांडून बसते. मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, सुटली की गिऱ्हाईक तुटून पडतं. तिथले फादर बावतीस मूळचे वसईचे, धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या मुलांना तत्त्वज्ञान शिकवून आलेले, आणि बोंबलाचे शौकीन. एकदा तिने त्यांना सरळच विचारलं, "आत तुमी सगळ्यांच्या हातावर काय ठेवता?"

फादरनी आढेवेढे न घेता सांगितलं. गव्हाची पातळ चकती असते. वेदीवर प्रार्थना झाली की ती ख्रिस्ताचं शरीर होते. रंग, चव, वजन भाकरीचंच राहतं, वस्तू मात्र भाकर राहत नाही.

दुसरं कुणी असतं तर हसू दाबलं असतं. पुष्पलताने पाटीतला बोंबील उचलला. "हा ओला होता तवा लिबलिबीत होता. आता काठी झालाय. रंग गेला, वास बदलला, तरी बोंबीलच हाय. आमच्याकडं दिसणं बदलतं नि वस्तू तीच राहते. तुमचं उलटंच हाय."

"म्हणजे दिसणं वेगळं आणि असणं वेगळं, हे तुम्हाला पटतं," असं म्हणत फादर तिथेच पायरीवर बसले आणि जुन्या ख्रिस्ती विचारवंतांचा वास्तववाद सांगू लागले. जग देवाने निर्माण केलं, म्हणून आपण जाणण्याच्या आधीपासून ते खरं आहे. मनाने वस्तूप्रमाणे वळायचं, वस्तूने मनाप्रमाणे नव्हे. पुष्पलता पाटी सोडून पुढे सरकली. ती जन्मभर जे विचारत आली तेच विचारणारी माणसं जगात होऊन गेली होती आणि त्यांना कुणी वेडं ठरवलं नव्हतं. त्या आनंदात तिने बोंबील मागणाऱ्याला सुकट बांधून दिली.

तेव्हापासून रविवारचा वाद ठरलेला. एकदा तिने त्यांना पेचात पकडलं. "मंग जो मानत नाय, त्याच्या हातात ती काय असते?" नेमकं तेव्हाच फादरना आतून बोलावणं आलं आणि उत्तर राहून गेलं.

पुढच्याच रविवारी तिने घोटाळा केला. सासू इंदुबाई पाय मोडून अंथरुणाला खिळलेली. "त्या चर्चचं एवढं सांगतेस, परसाद तरी आण," असा तिचा धोशा. म्हणून पुष्पलता पाटी तशीच टाकून रांगेत उभी राहिली. चकत्या देणारे पाद्री पाहुणे होते, ते तिला ओळखत नव्हते. तिने चकती ओंजळीत घेतली, कपाळाला लावली, पदरात अलगद गुंडाळली आणि टमटम पकडून थेट सातपाटी गाठली. प्रसाद आधी घरच्या म्हाताऱ्या माणसाला द्यायचा, हे काय कुणी शिकवायला हवं?

इंदुबाईच्या हातावर तिने चकती ठेवली, तोच दारात स्कूटर थांबली. पांढरा झगा कमरेला खोचलेला, डोक्यावर हेल्मेट, असे फादर बावतीस धापा टाकत आत आले. चकती पदरात गुंडाळताना तिला फाटकाशी कुणीतरी पाहिलं होतं.

"पुष्पाताई, त्यांना खाऊ देऊ नका."

पुष्पलताचं डोकंच फिरलं. "का? आमच्या म्हातारीच्या तोंडाचा विटाळ होतो?"

"तसं नाही हो. ते बाप्तिस्मा घेतलेल्या ख्रिस्ती माणसानेच, तिथल्या तिथे खायचं असतं. चूक तुमची नाही, आमच्या लक्षात यायला हवं होतं. पण ते मला परत द्या."

तिचा राग निवला आणि एकदम डोळे चमकले. राहिलेलं उत्तर आता दारात चालून आलं होतं. "फादर, या घरात हे मानणारं कोणी नाय. मंग ही साधी भाकरच ना? राहू द्या म्हातारीला." हा माणूस आता 'हो' म्हणाला, तर वर्षभराचा वाद निव्वळ वेळ घालवणं ठरणार होतं. त्याने 'हो' म्हणू नये, असं तिला फार फार वाटत होतं.

"नाही," फादर म्हणाले. "तुम्ही मानलं काय, न मानलं काय. ते तेच आहे."

त्यांनी हेल्मेट काढलं. बोंबलाच्या ढिगाशेजारी, ओल्या फरशीवर ते गुडघे टेकून बसले, इंदुबाईच्या हातापुढे मस्तक झुकवलं आणि ती चकती उचलून तोंडात ठेवली. मग डोळे मिटून हात जोडले. हसावं की रडावं, पुष्पलताला कळेना. 'मानतो' न म्हणता सरळ 'हाय' म्हणणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

फादर गेल्यावर इंदुबाईने विचारलं, "येवढा मोठा माणूस माज्या पाया पडला का गं?"

"तुज्या नाय, आये. तुज्या हातात होता त्याच्या."

इंदुबाईने आपल्या रिकाम्या तळहाताकडे पाहिलं. मग तो तिने हळूच मिटून घेतला, आणि जेवायला ताट आलं तरी उघडेना.