मुद्दाम आउट झालेली ऋतुजा

रविवारी उचगावजवळच्या मैदानावर आमच्या मुलींची बेसबॉलची मॅच होती. मी त्यांची कोच. आपल्याकडे या खेळाची भाषाच कुणाला ठाऊक नाही... मी 'स्टील!' ओरडले की पुढचा बेस चोरायचा असतो, पण मॅडम पोरींना चोरी शिकवतात असं ऐकवणारे पालकही भेटलेत.

त्या दिवशी ऋतुजाचे वडील मुरगूडहून पहिल्यांदाच मॅच बघायला आले होते. जुने पैलवान.

शेवटची इनिंग, स्कोअर बरोबरीत, आमची एक मुलगी सेकंड बेसवर. बॅटिंगला ऋतुजा, टीममध्ये सगळ्यात जोरात मारणारी... आणि मी तिला बंटची खूण केली. बॅट फिरवायची नाही, नुसती आडवी धरून बॉल पुढ्यात पाडायचा. मारणारी बहुतेक आउट होते, पण तेवढ्यात बेसवरची मुलगी पुढे सरकते. याला म्हणतात सॅक्रिफाइस.

ऋतुजा आउट होऊन परतली, तेव्हा आमच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या मुलींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या मुलीनं हिट मारली, पुढे सरकलेली ती मुलगी धावत घरच्या बेसवर पोचली आणि आम्ही जिंकलो.

इकडे पैलवानांनी ऋतुजाची बॅग उचलली होती. "चल घरला. खेळ बंद!"

मी धावत गेले, तर ते म्हणाले, "मॅडम, पोरगी मुद्दाम हरली आन तुमी टाळ्या वाजिवताय? आमच्यात ह्येला नुरा म्हंत्यात."

नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली खोटी कुस्ती. पैलवानाला याहून मोठी नाचक्की नाही. ऋतुजा तर रडायलाच लागली.

मग मातीत रेघा ओढून मी त्यांना सगळं समजावलं. ती हरली नाही, दुसरीला पुढे जाता यावं म्हणून आउट झाली... म्हणून टीम उभी राहते.

पैलवान त्या रेघांशेजारी उकिडवे बसले.

"हिची आई गेली तवा थोरलीनं कॉलेज सोडलं. तिनं घर सांभाळलं, म्हून ही हितं खेळतीया. तिला कुणी शाबास म्हटलं न्हाय, मॅडम... मीबी न्हाय."

त्यांनी बॅग ऋतुजाच्या हातात दिली आणि तिथूनच घरी फोन लावला. "सुप्रिया, जिंकली गं धाकटी... आन ऐक, कॉलेजात पुन्यांदा नाव घालूया तुझं."

पलीकडून हुंदका ऐकू आला. "आगं, रडू नगं की," पैलवान म्हणाले आणि स्वतःच डोळे पुसायला लागले.

जिंकलेली मॅच मी दोन दिवसांत विसरते. हा फोन ऐकायला मिळाला, त्याबद्दल मात्र या खेळाचे माझ्यावर उपकार आहेत.