मी आल्यावर सोडतो

"तुम्ही जायला मोकळे आहात हं. कधीही उठा."

घरी चहाला आलेल्या पाहुण्याला असं कुणी म्हणतं का, तुम्हीच सांगा. आमच्या शेजारचे कस्टमवाले म्हणायचे. पाहुणा बशीत चहा ओततोय आणि हे समोर उभे राहून त्याला मोकळं करतायत. त्यांच्या बायकोचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, सख्खे मामा एकदा या वाक्यावर कप तसाच ठेवून तरातरा निघून गेले होते. वहिनींनी कपाळाला हात लावला.

बरं, माणूस माणूसघाणा म्हणावा तर तसंही नाही. त्याच मामांच्या मागे स्कूटर घेऊन गेले आणि त्यांना स्टेशनवर पोचवून आले. पण "चला, सोडतो" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी निघायचे नाहीत. "चला, पोचवतो" म्हणायचे. मी शेजारीण, माझं कान देऊन ऐकणं आलंच.

कस्टममधला माणूस म्हटलं की लोकांना वाटतं, घरात परदेशी घड्याळांचा ढीग असणार. यांचं स्वतःचं घड्याळ हलवल्याशिवाय चालत नसे. मी तेव्हा वालीवला एका वर्कशॉपमध्ये हिशेब लिहायची. आमचे शेठ बाहेरून सुटे भाग मागवायचे आणि धाडीच्या नावाने थरथरायचे. म्हणून मी एकदा त्यांना विचारलं, "भाऊ, तुम्ही लोक नक्की काय काय करू शकता हो?"

"माल धरता येतो, पण संशयाला सबळ कारण लागतं. झडती घेता येते, पण पंच समोर हवेत. माणसाला विचारायला बोलावता येतं. अटक करायची तर का करतोय ते त्याला सांगायचं आणि लवकरात लवकर मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं."

"आणि ते ऑफिसात तासन्‌तास बसवून ठेवतात ते?"

"ते कायद्यात नाही," ते म्हणाले आणि दार लोटून आत गेले. मी म्हटलं, एवढं काय लागलं यांना.

त्यांच्याकडे राजोडीचा एक मच्छीमार यायचा, जनू नावाचा. सुके बोंबील घेऊन यायचा. भाऊ काही केल्या घ्यायचे नाहीत. मग तो ती पिशवी माझ्या कडीला अडकवून जायचा. त्यांच्या तत्त्वापायी माझ्या घराला बारमाही बोंबलांचा वास. शेवटी वैतागून मी विचारलं, "असे कोणते उपकार केलेत तुम्ही त्याच्यावर?"

तेव्हा जिन्यातच उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं.

राजोडीच्या बाजूला सुरूच्या बनात चोरट्या मालाची खोकी सापडली होती. जनूने ती उतरताना पाहिली होती, म्हणून तो आपणहून सांगायला आला. सकाळीच त्याचा जबाब झाला, सही झाली, काम संपलं. तेवढ्यात वालीवच्या एका गोदामाची खबर आली. निघता निघता भाऊ त्याला म्हणाले, "बसा जरा. मी आल्यावर सोडतो तुम्हाला." म्हणजे जीपने घरी सोडतो. उन्हाचं एवढं चालत कुठे जाईल बिचारा, एवढाच विचार.

गोदामाची झडती लांबली. दुपारी जनूचा चुलतभाऊ ऑफिसात आला. जनूचा बाप आजारी होता, त्याचं जास्त झालं होतं, तो सारखा जनूला हाका मारत होता. जनू बाकावरूनच म्हणाला, "मला बसवलाय. सायेब आल्यावर सोडनार हायेत." शिपायानेही तसंच धरलं. साहेबांनी बसवलंय म्हटल्यावर तो कशाला मध्ये पडतो.

भाऊ दिवेलागणीला परतले. "अरे, तुम्ही अजून इथेच?"

"तुमीच बसवलंत ना सायेब. आल्यावर सोडतो म्हनालात."

जीप राजोडीला पोचली तेव्हा जनूच्या घरासमोर माणसं जमली होती. बाप गेला होता.

भाऊ म्हणाले, "त्याला वाटतं, कायद्याने त्याला अडकवला होता आणि मी दया येऊन सोडला. त्या दयेचे बोंबील आणतो तो."

"मग सांगून टाका ना खरं काय ते."

"काय सांगू? की तू कधीही उठून जाऊ शकत होतास? आज तो सरकारला दोष देतो. उद्या स्वतःलाच देत बसेल."

त्यांच्यासाठी जीव तुटला माझा. माया करायला गेला माणूस आणि हे असं होऊन बसलं.

निवृत्तीनंतर ते फार जगले नाहीत. हृदयाचं दुखणं निघालं आणि गेले. पेपरात वाचावं असं त्यांनी काही केलं नव्हतं, त्यामुळे जनूला कळलंच नाही. तो नेहमीसारखा बोंबील घेऊन आला, तो नेमका दहाव्याला. दारातच कळलं तसा तिथेच उंबऱ्यावर बसला.

मग मला म्हणाला, "बाय, तुमी शिकलेल्या. एक विचारू? त्या दिवशी मी तसाच उठून गेलो असतो, तर काय केलं असतं यांनी?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी ऐकत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं.

ज्या माणसाने कुणाला विनाकारण घटकाभर अडवलं नाही, त्याच्या फोटोसमोर मी म्हणाले, "धरून आणलं असतं."

"तेच म्हनतो मी," जनू म्हणाला. "बाबाच्या फोटोला मी रोज तेच सांगतो."

वहिनी बाहेर आल्या आणि त्यांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली.