पोटाची सुई

रुपीबाईला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. ढाणकीजवळच्या बंजारा तांड्यावरून शेतात तण निंदायला गेली की दोन बायांचं काम एकटी उरकायची. आता यवतमाळच्या दवाखान्यात तिला नुसतं बाकावर बसून राहायचं होतं, आणि तेच जमत नव्हतं.

तिच्या इंद्रजीतला, सव्वीस वर्षांच्या पोराला, कावीळ झाली होती. आठ दिवसांत तो बरळायला लागला, मग शुद्धच हरपली. डॉक्टर म्हणाले, लिव्हरनं एकदम काम सोडलंय.

दीपा सिस्टर सकाळ-संध्याकाळ त्याच्या सलाईनमधून पोटाची सुई द्यायची.

"पोट तं दुखत नाही त्याचं. मंग पोटाची सुई कायले?" रुपीबाईनं विचारलं.

"मावशी, रक्त गोठायले जे लागते, ते लिव्हर बनवते. आता ते बंद आहे. अशात पोटातल्या आम्लानं जखम झाली, तं रक्त थांबणार नाही. म्हणून आम्ल कमी करायची सुई आधीच देऊन राह्यलो." दीपानं त्याच्या नाकातली नळी दाखवली. "यातून चहाच्या चोथ्यासारखं काळं आलं, का संडास डांबरासारखी झाली, तं लगेच सांगा."

तेव्हापासून रुपीबाई दर थोड्या वेळानं उठून नळी बघून यायची.

चौथ्या दिवशी इंद्रजीतला दुसऱ्या वॉर्डात हलवलं. दीपाची सुटी होती. आठ वाजले, दहा वाजले, सुई आली नाही. रुपीबाईनं नव्या सिस्टरला गाठलं.

"झाली असेल. बसा तुम्ही."

"नाही झाली. मी इथंच होतो."

सिस्टर पुढच्या खाटेकडे गेली. रुपीबाईनं दारात येरझाऱ्या घातल्या आणि राउंडला आलेल्या डॉक्टरसमोर जाऊन उभी राहिली. "सायेब, माह्या पोराची पोटाची सुई राह्यली."

डॉक्टरांनी कागद चाळले. नव्या कागदावर ती सुई उतरवायचीच राहून गेली होती. पाच मिनिटांत सुई दिली गेली. रुपीबाई मात्र दुपारपर्यंत खाटेपासून दूर गेली नाही. आपण तेवढ्यात चहाला गेलो असतो तर?

नळीतून काळं कधी आलं नाही. सुईमुळं की नशिबानं, ते दीपालाही सांगता येईना. सातव्या दिवशी इंद्रजीतनं डोळे उघडले. "याडी," त्यानं आईला हाक मारली आणि पाणी मागितलं.

तीन आठवड्यांनी सुटी मिळाली. लिव्हर अजून नाजूक आहे, विचारल्याशिवाय दुखण्याची एकही गोळी घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. रुपीबाईनं त्यांच्याकडून ते पुन्हा एकदा वदवून घेतलं, मग इंद्रजीतकडे वळली.

"आता तू सांग, काय म्हणले सायेब?"