डिकीतला नवा टायर

मला दोन मुलगे. थोरला जर्मनीत नोकरीला आहे, धाकटा माझ्याजवळ उचगावात राहतो. दोघांकडेही गाडी आहे, आणि गाडी कशी सांभाळावी हे जगात आपल्यालाच कळतं असं दोघांनाही वाटतं. मी चौथी शिकलेली बाई. मला गाडी चालवता येत नाही. पण या दोघांच्या गाड्यांपायी माझं काय झालं ते मला सांगता येतं.

आधी थोरल्याचं सांगते. तीन वर्षांपूर्वी त्यानं मला तिकडं नेलं होतं. त्याची गाडी घरासमोर रस्त्यावर उभी असायची. काचेवर झाडाची पानं, टपावर पाखरांची घाण, दारावर बोटानं नाव लिहावं एवढी धूळ. मलाच लाज वाटली. एके दिवशी तो कामावर चालत गेल्यावर मी बादलीत साबणाचं पाणी केलं, जुना टॉवेल घेतला आणि गाडी धुवायला लागले. अर्धी धुऊन झाली असेल, तेवढ्यात समोरच्या घरातली माझ्याच वयाची म्हातारी बाहेर आली आणि गटाराकडं बोट दाखवून माझ्यावर ओरडायला लागली. तिचं मला कळेना, माझं तिला. मी म्हटलं, "तुझी न्हाई धुवत बाई, माझ्या लेकाची धुतोय." ती आत गेली आणि तिनं माझ्या लेकाला फोन लावला.

संध्याकाळी तो आला तो बूट काढायच्या आधीच बोलला, "आई, इथं रस्त्यावर गाडी धुवायची नसते. साबण गटारात जातो."

"मग घाणच ठिवायची?"

"घाण असली म्हणून काय बिघडतं? टायर, ब्रेक नीट पाहिजेत. दर दोन वर्षांनी तपासणी असते. नापास झाली तर रस्त्यावर काढता येत नाही."

मग मला तळघरात नेऊन त्यानं टायर दाखवले. थंडीचे वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे. एखादीनं कपाट उघडून साड्या दाखवाव्यात तसे दाखवले. अर्धी धुतलेली गाडी मी परत येईपर्यंत तशीच फिरत होती. त्यानंतर तो इकडं आला तो तीन वर्षांनी. गाडीला दोन वर्षं, आईला तीन.

धाकट्याचं सगळं उलटं. सकाळी उठला की देवाच्या आधी गाडी पुसतो. शनिवारी धुतो. दसऱ्याला झेंडूचा एवढा मोठा हार घालतो की गाडीचं तोंड दिसत नाही. सहा वर्षं झाली, सीटवरचा कंपनीचा प्लास्टिकचा कागद अजून काढलेला नाही. उन्हाळ्यात पाठ चिकटते, उठताना चर्र आवाज होतो. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात 'आईचा आशीर्वाद' लिहून घेतलंय. आणि त्या आईला चंदगडला बहिणीकडं न्यायला त्याला सवड नव्हती.

बहीण म्हणजे माझी अक्का. आमची आई लवकर गेली. अक्कानं मला वाढवलं. स्वतः एक दिवस शाळेत गेली नाही, मला मात्र चौथीपर्यंत हाताला धरून सोडत होती. आषाढापासून ती अंथरुणाला खिळली होती. मी चार वेळा धाकट्याला म्हटलं, मला सोडून ये. चारही वेळा एकच उत्तर. "आई, तिकडं लाल चिखल असतोय गं. गाडीची पार वाट लागतीया. जरा पाऊस उघडू दे की."

श्रावणात थोरला तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आला. त्याच रविवारी अक्काच्या सुनेचा फोन आला. "मावशी, उद्याच या. सारख्या तुमची आठवण काढत्यात. मधूनच वळखत न्हाईत आता." धाकट्याला आता नाही म्हणता येईना, थोरला समोर बसला होता.

सोमवारी सकाळी आठला मी मांडीवर पिशवी घेऊन गाडीत बसले. थोरला बसायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारून आला. खिशातून तिकडचं एक नाणं काढलं आणि टायरच्या खाचेत उभं करायला लागला. ते उभं राहीना. राहायला खाचच नव्हती.

"हे टायर आहेत का टकली डोकी? यावर घाटात जायचं? पावसात?"

"सहा वर्षं चालवतोय. एकदा तरी दगा दिलाय का हिनं?"

"एकदाच द्यायचा असतो. ब्रेक कधी बघितलेस?"

"लागतोय की."

थोरल्यानं डिकी उघडली. आत स्टेपनी होती, कोरी करकरीत, प्लास्टिकात गुंडाळलेली. "हा नवा टायर असा झाकून का ठेवलाय?"

"आईला इचार."

खरं होतं ते. मागं एक टायर फुटला तेव्हा धाकट्यानं नवा आणला होता. मीच म्हटलं होतं, नवा हाय, आत्ताच कशाला झिजवतोस, जुनाच कुठला तरी घाल. माझ्या ट्रंकेत वीस वर्षांच्या कोऱ्या चादरी आहेत. मी दुसरं काय सांगणार? मी गाडीतूनच ओरडले, "आरं मग घाला की तो आता!"

"एक घालून काय होतंय?" थोरला म्हणाला. "चारही बदलायला पाहिजेत. आज सोमवार, गॅरेज बंद. उद्या टायर, ब्रेक करून घेऊ, मग जाऊ. एका दिवसानं काय फरक पडतोय?"

"आणि ते नवे टायर त्या चिखलात घालू व्हय?" धाकटा चिडला. "पावणं, तीन आठवड्यासाठनं आलाय, जेवा, झोपा आन् जावा. गाडीचं आमी बघतो."

"बघितलंस ते दिसतंय. काचा तेवढ्या पुसल्यास."

"तुझी तर पुसलेली बी नसतीया. आईच सांगत हुती."

तासभर हे चाललं होतं. थोरला चुकीचं बोलत नव्हता, टायर खरंच टकले होते. पण अक्का आज ओळखते, उद्याचा भरवसा नाही, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात नव्हतं. मी दार उघडलं, पाठ कागदापासून सोडवली आणि पिशवी घेऊन उतरले. दोघं वाकून मागचं चाक बघत होते. कुणाचं लक्ष गेलं नाही. कोपऱ्यावर रिक्षा धरली, स्टँडवर गेले आणि चंदगडच्या एसटीत बसले. खिडकीपर्यंत चिखल उडालेला होता. तिचे टायर मी बघितले नाहीत.

दुपार कलता कलता पोहोचले. अक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती. सुनेनं हाक मारली तशी वळली.

"आलीस व्हय गं?"

"आले."

"कुणासंगं?"

"एकटीच."

"आन् लेकं?"

"गाडी बघत्यात."

"बघू देत." ती थोडं हसली. "माझं केस इंचर. हिला जमत न्हाई, ओढती."

मी तिचे केस विंचरले. अर्धा तास ती बोलली. आमच्या शाळेच्या वाटेवर विहीर होती, ती मला आठवते का विचारलं. मग डोळा लागला. रात्री ताप चढला.

मंगळवारी दुपारी दोघं आले. चार नवे टायर, नवे ब्रेक. धाकट्यानं सुनेकडून पहिल्यांदा काय मागितलं असेल तर बादली. गाडीवरचा लाल चिखल सुकायच्या आत त्याला काढायचा होता. थोरला मला सांगत होता, घाटात ब्रेक किती छान लागले.

मी दोघांना आत नेलं. "अक्का, पोरं आल्यात." ती आढ्याकडं बघत राहिली. थोरल्यानं हात धरला, धाकट्यानं हाक मारली, तरी ती आढ्याकडंच बघत होती.

"काल वळखत हुती," मी म्हटलं. तेवढंच.

संध्याकाळी ते निघाले. मी राहिले. अक्का नऊ दिवसांनी गेली, पण त्या अर्ध्या तासानंतर ती कुणाशी बोलली नाही. सगळं उरकल्यावर धाकटा मला न्यायला आला. गाडी धुतलेली होती, टायर चांगले होते, डिकीत तो नवा टायर अजून तसाच प्लास्टिकात होता. मी त्याच्या हातातनं पिशवी घेतली आणि एसटीच्या थांब्याकडं चालायला लागले. त्या गाडीत मी अजून बसलेली नाही.