बाबा आणि अल ऐनचा पाट

सायकली भाड्याच्या होत्या आणि सगळ्यांच्या सीटा उंच होत्या, हे आधीच सांगते. म्हणजे पुढे आम्ही जे काही दिवे लावले, त्याचा सगळा दोष आमच्या डोक्यांवर येणार नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आम्ही शारजात, अल मजाजला अकराव्या मजल्यावर राहायचो. ओळखीच्या पाच मराठी कुटुंबांनी ठरवलं, हिवाळ्यातल्या एका गुरुवार-शुक्रवारी अल ऐनला जायचं, जुन्या फलजच्या काठाने सायकली चालवायच्या आणि रात्री तंबूत राहायचं. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी खजुराच्या बागांपर्यंत आणणारा पाट, कैक पिढ्यांपूर्वी खणलेला. कल्पना आमच्या म्होरक्याची. तो सेल्स मॅनेजर होता आणि सहलीलाही टार्गेट लावायचा.

तेव्हा माझे बाबा आमच्याकडे आलेले होते. आई जाऊन आठ महिने झाले होते. तीन महिने राहायचं ठरवून आले आणि पंधराव्या दिवशी परतीचा घोशा लावला. लेकीच्या घरी किती दिवस पाहुणचार घ्यायचा, हे सांगायचं कारण. खरं कारण मला दिसत होतं. आमच्या घरात त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. भाजी आणायला निघाले की मी म्हणायची, राहू द्या, फोन केला की खालचा ग्रोसरीवाला वर आणून देतो. नातवाशी बोलायला गेले तर तो "नथिंग, आजोबा" म्हणून टीव्हीकडे वळायचा. शेवटी त्यांनी जावयालाच सांगून टाकलं, शनिवारी तुमचं ऑफिस उघडलं की माझं तिकीट अलीकडचं करून आणा. ते माझ्या मनाला लागलं. आणि मला काही लागलं की मी रडत नाही, चिडते.

बाबांनी नगर जिल्ह्यात बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात नोकरी केली होती, कालव्यावर देखरेखीची, तीही सायकलवरून. पण सहासष्टाव्या वर्षी कुठे सायकल, असं मीच परस्पर ठरवलं आणि त्यांना सामानाच्या पिकअपमध्ये बसवलं, तंबू आणि पिठल्याच्या पातेल्याबरोबर.

पहिले दोन-तीन किलोमीटर झकास गेले. मग पाटाला फाटा फुटला. तिथे रस्ता जवळ होता, म्हणून पिकअपही थांबली होती. बाबा खाली उतरून दोन्हीकडचं पाणी बघत उभे होते. म्होरक्याने झेरॉक्स काढलेला नकाशा उलगडला आणि उजवीकडे हात केला.

"तिकडे नका जाऊ, ती चारी आहे, एखाद्या बागेपुरती," बाबा म्हणाले.

"काका, मॅपमध्ये राइटच दाखवलंय. यल्ला, लेट होतंय."

"तिच्या तोंडाशी बघा. दगड आणि चिंध्यांचे बोळे पडलेत. म्हणजे हे पाणी मधूनमधून बंद करतात. बंद करतात ती चारी. मोठा पाट कोण बंद करतं?"

मागे दोघं-तिघं हसले. मला उगाच लाज वाटली. "बाबा, हे तुमचं नगर नाही," मी म्हणाले. "त्यांच्याकडे मॅप आहे ना."

बाबांनी चष्मा काढून पुसला. आम्ही उजवीकडे वळलो.

खजुरांची दाट सावली, बाजूला झुळझुळतं पाणी, पुढे माझा मुलगा घंटी वाजवत चाललेला. खरं तर मजा यायला हवी होती, पण तो पुसलेला चष्मा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. पंधरा-वीस मिनिटांनी मुलगा थांबला.

"मम्मा, द वॉटर इज गोइंग अवे."

खरंच पाणी उतरत होतं. आधी काठ ओले दिसू लागले, मग तळाचे खडे, मग नुसता चिखल. म्होरक्या म्हणाला, कुठेतरी लीकेज असणार. आणखी थोडं गेलो तर समोर एका बागेची भिंत आणि भिंतीवर एक शेळी. शेळी आमच्याकडे बघत राहिली. रस्ता खलास. आम्ही सायकली हातात धरून मागे फिरलो.

फाट्यावर येऊन बघते तर बाबा पँट गुडघ्यापर्यंत वळवून पाण्यात उभे. शेजारी बागेवरचा एक पठाण. दोघं मिळून चारीच्या तोंडातल्या उरल्यासुरल्या फटींत चिंध्या ठासत होते. काठावर चिवड्याचा डबा उघडा होता.

"चाचाजी पानी का काम जानता है," पठाण आम्हाला कौतुकाने म्हणाला.

"आम्हाला परत आणायला बंद केलंत ना?" मी विचारलं.

"यांच्या बागेची वेळ संपली होती," बाबा म्हणाले. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

म्होरक्याने नकाशा खिशात घातला. "काका, आता कसं जायचं?"

मी माझी सायकल बाबांपुढे धरली. ते सीटवर ताठ बसले आणि निघाले, नजर रस्त्यावर कमी, पाण्यावर जास्त. मुलगा त्यांच्या मागे. तो इंग्रजीत विचारत होता, ते मराठीत सांगत होते, आणि दोघांचं छान चाललं होतं. मी पिकअपमध्ये पातेलं सांभाळत बसले. मला फार आनंद झाला होता.

तंबूपाशी पोचल्यावर मी म्हणाले, "बाबा, माझं चुकलं."

"असू दे. पहिल्यांदा सगळे चारीतच शिरतात."

शनिवारी सकाळी नवऱ्याने बूट घालता घालता विचारलं, "बाबा, तिकिटाचं काय करू?"

"राहू द्या. त्या पठाणाने पुढच्या पाण्याला बोलावलंय."

मी सांगून जे थांबले नव्हते, ते पाण्यासाठी थांबले. मला थोडं झोंबलं, पण मी शहाणी झाले होते. त्या दिवसापासून मी त्यांना विचारायला लागले. भाजी कुठली आणू, डाळीला पाणी किती, कुंडीतली तुळस का सुकली. निम्म्याहून जास्त गोष्टी मला येत होत्या.

तीन महिने पुरे करून ते गेले. विमानतळाच्या दारात मी म्हणाले, "बाबा, तुळशीला पाणी एक दिवसाआड ना?"

ते हसले. "तुला माहीत असतं, तरी विचारतेस. मला कळतं ते."

मी ट्रॉलीवरची त्यांची पिशवी उगाच सरळ केली.

"विचारत जा," ते म्हणाले आणि ट्रॉली ढकलत आत गेले.