मिश्रणाच्या फळीवरची बाटली

मला लिहायची सवय नाही. ताईबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं, पण तिला ओळखणारे फारसे उरले नाहीत, म्हणून मीच बसलोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझी थोरली बहीण शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होती, चौतीस वर्षं. परीक्षानळ्या धुवायच्या, बर्नर पुसायचे, तासाआधी सामान मांडायचं. बाबा गेले तेव्हा ती सातवीत होती. "धाकट्याला शिकू दे," म्हणाली आणि स्वतःचं दप्तर माझ्या खांद्याला अडकवलं. मी शिकलो, जेमतेम. पुढे एका कचेरीत टंकलेखन करत राहिलो.

विज्ञानाचा तास चालू असला की ताई मागच्या मोरीवर नळ बारीक करून भांडी घासायची. जोरात सोडला तर सरांचं ऐकू येत नसे. संध्याकाळी घरी येऊन माझी परीक्षा घ्यायची.

"सांग, दूध काय? मूलद्रव्य, संयुग की मिश्रण?"

"संयुग?"

"डोंबल तुझं! मिश्रण. तुझं डोकं मात्र अस्सल स्थायू. काही केल्या आकार बदलत नाही."

प्रयोगशाळेच्या कपाटात तीन फळ्या होत्या. वर मूलद्रव्यं: गंधक, तांब्याची तार. मधे संयुगं: मीठ, मोरचूद. खाली मिश्रणं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या सगळ्या ताईच्या अक्षरातल्या.

एकदा सरांना उशीर झाला. सहावीच्या पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. ताईनं हात पुसले आणि फळ्यावर लिहिलं: 'ज्याला वस्तुमान असतं आणि जे जागा व्यापतं, ते द्रव्य.' मग एक बाटली उचलली.

"हिच्यात काय आहे?"

"काही नाही, मावशी! रिकामी आहे!"

तिनं बाटली पालथी करून पाण्याच्या बादलीत सरळ खाली दाबली. पाणी आत चढेना.

"रिकामी आहे ना? मग पाण्याला अडवतंय कोण?"

मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "हवा, बाई."

तेवढ्यात मुख्याध्यापिका दारात आल्या. त्यांनी काही म्हणायच्या आत ताईनंच डस्टर घेतलं आणि स्वतःचं अक्षर पुसून टाकलं, जणू फळा पुसायलाच आली होती.

शाळा सुटल्यावर तिनं ती बाटली कोरडी केली, बूच बसवून वर मेण ओतलं, 'हवा' अशी चिठ्ठी लावली आणि मिश्रणांच्या फळीवर ठेवली. घरी आल्यावर एकच वाक्य तीनदा बोलली, "मला बाई म्हणाली रे ती."

तेव्हा मला नोकरी लागलेली होती. 'ताई, पुन्हा शाळेत जातेस का?' असं विचारायला हवं होतं. सुचलं नाही.

ताईला जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या आठवड्यात कळलं की प्रयोगशाळा नवी होतेय, जुनं कपाट मोडीत जाणार. मी धावत गेलो. या वयातलं धावणं म्हणजे काय, ते तुम्हीच समजा.

नवा परिचर भला माणूस. बाटल्या मोरीपाशी रांगेत लावून एकेक धूत होता. ताईची बाटली रांगेत तिसरी.

"ही हवी का, काका? घ्या की, रिकामीच आहे. थांबा, विसळून देतो." त्याचा अंगठा बुचावर गेला.

"उघडू नका!" मी ओरडलो. एवढ्या मोठ्यानं मी कुणावर कधी ओरडलो नव्हतो. माझाच मला संकोच वाटला. "रिकामी नाही हो ती."

"मग काय आहे हिच्यात?"

"मिश्रण," मी म्हणालो. माझं पहिल्याच दमात बरोबर आलेलं उत्तर, आणि ऐकायला ती नव्हती.

बाटली आता माझ्या खिडकीत असते. काल चष्मा लावून नीट पाहिलं, तर मेणाला एका बाजूनं बारीक चीर गेलेली दिसली. किती वर्षांची, कोण जाणे. ताई असती तर हसली असती, "वायू कधी कुणासाठी थांबतो का, वेड्या?"

नाही थांबत. एवढं मलाही कळतं.

तरी मेणबत्ती पेटवली आणि त्या चिरेवर एक थेंब सोडला.