गुडघे आणि इटली

न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावात आमच्या शेजारी पुण्याहून लेकाकडे राहायला आलेले एक काका आहेत. लेकासमोर ते काठी टेकत, भिंत धरत चालतात. त्याची गाडी कोपऱ्यावर वळली की काठी लेटरबॉक्सला अडकवतात आणि काकूंना घेऊन भटकायला सुटतात.

मार्चमध्ये लेक आणि सून दोघंच इटलीला गेले. जाताना मला सांगून गेले, "आईबाबांकडे जरा लक्ष ठेव गं."

परवा संध्याकाळी हेच आईबाबा मला बीचवर दिसले, एकच आईस्क्रीम दोघांत खाताना. तेवढ्यात लेकाचा व्हिडिओ कॉल आला. काकूंनी पिशवीतून घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि सराईतपणे काकांच्या डोक्यामागे धरलं. काका लगेच वाकले. आवाज खोल गेला.

"आम्ही कुठे जाणार रे? घरीच. गुडघे!"

"बाबा, लवकर येऊ का परत?"

"छे छे! उलट आठवडाभर वाढवा." एवढं एक वाक्य मात्र ठणठणीत आलं.

फोन ठेवल्यावर काकू हळहळल्या, "बिचारे! आपल्या काळजीने तिकडे धड फिरतही नसतील."

मग कॅलेंडर माझ्या हातात देत म्हणाल्या, "उद्या हे तू धर. मला यांच्या शेजारी बसायचंय."